देवमंदिरांतील मास्तर : ऑर्गनवादक आंतोन ब्रुकनर यांचें अल्पचरित्र



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीची ही स्मरणिका सिद्ध करतांना तींत कोणा थोर पुरुषाचें चरित्र द्यावें, असा विचार आमच्या मनांत आला. संतांचीं चरित्रें आपण वर्षभर प्रवचनांतून ऐकतां. म्हणून यंदा आम्हीं असा एक पुरुष निवडिला आहे कीं, ज्याला ख्रिस्तसभेनें संतपद दिलेलें नाहीं, ज्याच्या नांवानें कोठें नोव्हेना होत नाहीं, आणि ज्यानें आपल्या आयुष्याचा मोठा भाग देवमंदिराच्या माडीवर, लोकांच्या दृष्टीआड, वाजवीत घालविला. त्याचें नांव आंतोन ब्रुकनर. ऑस्ट्रिया देशांतील हा वादक व संगीतरचनाकार सर्व संगीतप्रिय जगास ठाऊक आहे. २०२४ सालीं त्याच्या जन्माला दोनशें वर्षें झालीं, तेव्हां देशोदेशीं त्याच्या रचना वाजविल्या गेल्या.

हें चरित्र निवडण्यास एक कारण आहे. तें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. आपल्या मंदिरांतील पेटी गेलीं दोन-तीन वर्षें बहुधा कापडाखालींच असते. जे मास्तर ती वाजवीत असत, त्यांची दृष्टि वयोमानानें मंदावली, आणि त्यांच्या जागीं बसावयास कोणी पुढें आलें नाहीं. रविवारच्या मिस्साबलिदानांत आतां गीतें ध्वनिक्षेपकांतून येतात. लोक ऐकतात, कांहीं जण ओठ हालवितात, पण मंदिर गात नाहीं. ज्युबिलीच्या तयारीच्या बैठकींत ही गोष्ट निघाली, तेव्हां एका तरुणानें सरळ विचारिलें कीं, यंत्रांत सर्व गीतें तयार असतां पेटी शिकण्यांत वर्षें कशाला घालवावीं? त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्या सायंकाळीं आम्हांस त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. हें चरित्र म्हणजे त्या प्रश्नाचें आमचें उत्तर होय.

खुलताबादेच्या भूमीला संगीताचा विषय परका नाहीं. जवळच वेरूळच्या लेण्यांत गंधर्व पाषाणांत कोरलेले आहेत. १३३७ सालीं निवर्तलेले सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची कबर येथेंच आहे. गायनश्रवणाच्या द्वारें ईश्वराकडे जाणारे साधु म्हणून त्यांची ख्याति होती. आणि ज्यानें आपल्या दरबारांतून गवयांना निरोप दिला, तो औरंगजेब बादशहाहि १७०७ सालापासून त्याच दर्ग्याच्या शेजारीं, उघड्या आकाशाखालीं विसावला आहे. संगीतानें देव भेटतो कीं दुरावतो, हा वाद आपल्या गांवांत असा कित्येक शतकें शेजारीं शेजारीं निजलेला आहे. आमच्या ख्रिस्तसभेनें त्या वादांत आपला कौल केव्हांच दिला. १९६३ सालीं व्हॅटिकन परिषदेनें पवित्र उपासनेविषयीं जो लेख प्रसिद्ध केला, त्यांत नळ्यांच्या ऑर्गनला मानाचें स्थान दिलें, आणि देशोदेशींचीं इतर योग्य वाद्येंहि उपासनेंत घेण्यास मोकळीक ठेविली.

ऑर्गन म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपली पेटी ही त्याची दूरची धाकटी बहीण समजावी. पेटींत भात्याची हवा पितळेच्या पातळ जिभांवरून जाते व त्या कांपूं लागतात. ऑर्गनमध्यें ती शेंकडों, कधीं हजारों नळ्यांतून फुंकली जाते. कांहीं नळ्या करंगळीएवढ्या असतात, कांहीं ताडाची आठवण करून देतात. एक नळी एकच सूर देते. वादकापुढें हातांसाठीं पट्ट्यांच्या दोन, तीन किंवा अधिक ओळी एकीवर एक रचलेल्या असतात. पायांसाठींहि लांकडी पट्ट्या असतात, त्यांतून खर्जाचे सूर निघतात. बाजूला खुंट्या असतात. जी खुंटी ओढावी तो नळ्यांचा समूह बोलूं लागतो. एखादा समूह पांव्यासारखा मृदु, एखादा तुतारीसारखा गर्जणारा. विजेचे पंखे येण्यापूर्वीं भाते दाबण्यास माणसें लागत. वादक समोर बसे, आणि हे भातेवाले पडद्यामागें घाम गाळीत. त्यांच्यावांचून एकहि सूर निघत नसे.

हें वाद्य हिंदुस्थानांत अगदीं नवें नव्हे. सोळाव्या शतकांत अकबर बादशहानें गोव्याला पाठविलेल्या हाजी हबीबुल्लानें एक ऑर्गन उत्तरेस नेला होता. इतिहासकार बदायूनी यानें त्याचें वर्णन मोठ्या आश्चर्यानें लिहून ठेविलें आहे. पेटीचा जन्म मात्र अलीकडचा. पॅरिसमध्यें देबें नांवाच्या कारागिरानें १८४२ सालीं तिचा हक्क नोंदविला, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास तिला मांडी घालून, एका हातानें भाता हालवून वाजविण्याजोगें रूप दिलें. ज्यांच्या गांवीं ऑर्गन नेणें शक्य नव्हतें, त्यांच्या मंदिरांत पेटी गेली. आम्ही सेमिनरींत होतों तेव्हां एक जुनी पायपेटी आमच्या वांट्याला आली होती. तिच्यापुढें बसून ऑर्गनची कल्पना आम्हीं प्रथम केली. असो.

आंतोन ब्रुकनर यांचा जन्म ४ सप्टेंबर १८२४ रोजीं लिंत्स शहराजवळील आन्सफेल्डेन या खेड्यांत झाला. वडील गांवचे शाळामास्तर होते. त्या काळीं त्या देशांत मास्तर म्हटला कीं तोच मंदिरांत ऑर्गन वाजवी, तोच मुलांना गीतें शिकवी, घंटा वाजविणें व वेदीची व्यवस्था पाहणें हींहि कामें त्याच्याकडेच असत. आपल्या मराठवाड्यांतील खेड्यापाड्यांत धर्मशिक्षक मास्तरांनीं जें केलें, तेंच हें. अकरा भावंडांत आंतोन थोरला. त्यांपैकीं पांचच जगलीं. लहानपणींच तो वडिलांच्या शेजारीं बसून वाजवूं लागला. पुढें योहान वाइस नांवाच्या नातेवाईकानें, जो त्याचा धर्मपिताहि होता, त्याला आपल्या घरीं ठेवून ऑर्गनचें पहिलें पद्धतशीर शिक्षण दिलें.

७ जून १८३७ रोजीं वडील वारले. आंतोन तेव्हां बारा वर्षांचा होता. त्याच दिवशीं त्याच्या आईनें त्याचा हात धरून त्याला संत फ्लोरियन येथील ऑगस्टिनियन मठांत नेलें आणि मठाधिपति मिखाएल आर्नेत यांना विनविलें कीं, या पोराला गायकमुलांत घ्यावें. त्यांनीं घेतलें. पदरीं लहान मुलें, घरांत मिळवता कोणी नाहीं, राहतें घर शाळेचें म्हणून तेंहि सोडावें लागणार, अशा दिवशीं त्या विधवेनें मुलाला कारखान्यांत वा शेतावर न धाडतां देवाच्या गायकांत धाडिलें; ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. त्या मठाच्या मंदिरांत क्रिसमान नांवाच्या धर्मगुरूनें १७७० ते १७७४ या वर्षांत बांधिलेला प्रचंड ऑर्गन होता. पुढें त्यांत भर पडत गेली, आणि आज त्याच्या नळ्यांची संख्या ७,३८६ आहे. ज्या मुलानें आदल्या आठवड्यापर्यंत खेड्यांतील लहानसा ऑर्गन ऐकिला होता, त्याच्या कानांवर आतां हा नाद पडूं लागला. त्या नादापासून तो पुढें कधींहि मनानें दूर गेला नाहीं.

कंठ फुटल्यावर गायकमुलांत जागा राहिली नाहीं. तेव्हां आंतोननें वडिलांचाच मार्ग धरिला. लिंत्स येथें मास्तरकीचा अभ्यास करून १८४१ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो विंडहाग या दूरच्या खेड्यांत साहाय्यक मास्तर झाला. पहांटे उठून घंटा वाजवावी, मिस्साची तयारी करावी, दिवसभर मुलांना शिकवावें, उरल्या वेळांत शेतांत राबावें आणि गांवच्या लग्नकार्यांत सारंगीसारखें फिडल वाजवून चार पैसे जोडावे, असा त्याचा क्रम होता. मान नव्हता, पगार नांवाचाच होता. तरीहि रात्रीं दिव्याजवळ बसून तो स्वरलेखनाचा अभ्यास करी. १८४३ सालीं क्रोनस्टॉर्फ गांवीं बदली झाली, तेव्हां जवळच्या एन्स गांवीं आठवड्यांतून अनेकदां पायीं जाऊन तो त्सेनेटी या जाणत्या वादकापाशीं शिके. १८४५ सालीं संत फ्लोरियन येथें तो मास्तर म्हणून परतला; १८४८ सालीं त्याच मठाचा ऑर्गन त्याच्या हातीं आला.

आतां लिंत्सच्या कॅथेड्रलमध्यें वादकाची जागा रिकामी झाली. १८५५ च्या नोव्हेंबरांत उमेदवारांची चाचणी होती. ब्रुकनर यांनीं अर्जहि केलेला नव्हता. ते ऐकावयास म्हणून गेले. दिलेल्या स्वरवाक्यावर तत्काळ विस्तार करण्याची वेळ आली, तेव्हां आलेले उमेदवार अडखळले. ब्रुकनर यांचे जुने गुरु ड्युर्नबर्गर तेथें होते. त्यांनीं आग्रह करून शिष्याला बांकावर बसविलें. पुढें काय झालें तें सांगावयास नको. ती जागा त्यांना मिळाली, आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षीं मास्तरकी सुटली. लिंत्सचे बिशप रुदिगिअर हे करारी पुरुष होते; पण या वादकाचें वादन ऐकण्यासाठीं ते मुद्दाम मंदिरांत येऊन बसत, असें सांगतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्याला सर्वजण वाखाणीत होते, त्यानें त्याच सुमारास पुन्हां विद्यार्थ्याची पाटी हातीं घेतली. व्हिएन्ना येथील सीमोन सेख्टर हे स्वरशास्त्राचे कठोर अध्यापक होते. १८५५ ते १८६१ हीं सहा वर्षें ब्रुकनर यांनीं त्यांच्यापाशीं पत्रद्वारें व मधून मधून प्रत्यक्ष जाऊन शिक्षण घेतलें. गुरूची अट अशी कीं, शिक्षण चालू असेपर्यंत स्वतःची स्वतंत्र रचना करावयाची नाहीं. चाळिशीकडे झुकलेल्या या पुरुषानें ती पाळिली आणि स्वाध्यायाच्या वह्यांमागून वह्या भरून काढिल्या. १८६१ च्या नोव्हेंबरांत व्हिएन्नाच्या पियारिस्ट मंदिरांत त्यांची परीक्षा झाली. परीक्षकांपैकीं सेख्टर यांनीं एक लहानसें स्वरवाक्य लिहिलें. दुसरे परीक्षक हेर्बेक यांनीं तें वाढवून अधिक अवघड केलें. ब्रुकनर तें पाहून कांहीं वेळ गप्प बसले, इतके कीं लोक हंसूं लागले. मग त्यांनीं हात ठेविले. वादन संपल्यावर हेर्बेक यांनीं उघड कबूल केलें कीं, परीक्षा घेण्याचा अधिकार खरें पाहतां या उमेदवाराचाच होता.

आमचा चरित्रनायक दोषरहित होता, असें मात्र कोणी समजूं नये. प्रमाणपत्रांची त्यांना विलक्षण हांव होती; जेथें जेथें परीक्षा देतां येईल तेथें ती देऊन त्यांनीं कागद जमविले. आपल्या रचनांवर त्यांचा पुरता विश्वास नसे. मित्रांनीं सुचविलें कीं ते त्या पुन्हां पुन्हां बदलीत. विवाहाचे बेत जुळले नाहींत, आणि ते अविवाहित राहिले. १८६७ सालीं अतिश्रमानें त्यांचें मन ढळलें. दिसेल तें मोजीत राहण्याचा छंद त्यांना जडला. झाडांचीं पानें मोजावीं, खिडक्या मोजाव्या, असें चाले. बाद क्रोयत्सेन येथील आरोग्यस्थानांत त्यांना कित्येक आठवडे राहावें लागलें. त्या अंधारांतून बाहेर येतांना त्यांनीं जें हातीं घेतलें, तें मिस्सासाठीं संगीत होतें. मनाचा आजार ही लाजेची गोष्ट नव्हे आणि श्रद्धेच्या अभावाची खूणहि नव्हे, हें आमच्या लोकांना सांगण्याची गरज आम्हांस वारंवार पडते. म्हणून हा प्रसंग आम्हीं गाळिला नाहीं.

१८६८ सालीं सेख्टर यांच्या जागीं व्हिएन्नाच्या संगीतशाळेंत अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. राजवाड्यांतील मंदिरांतहि त्यांना वादकाचें काम मिळालें. यानंतर त्यांची कीर्ति देशाबाहेर गेली. १८६९ सालीं फ्रान्समधील नॅन्सी शहरांत संत एप्व्र मंदिराच्या नव्या ऑर्गनचें उद्घाटन झालें, तेव्हां ते तेथें वाजविण्यास गेले. लोकांनीं त्यांना पुढें पॅरिसला नेलें. तेथें नोत्र दाम कॅथेड्रलच्या ऑर्गनवर त्यांचें वादन झालें, आणि सेझार फ्रांक व सें-साँस यांच्यासारखे थोर संगीतज्ञ तें ऐकावयास आले होते. १८७१ सालीं लंडनला अल्बर्ट हॉल नुकताच उघडला होता. विलिस नांवाच्या कारागिरानें बांधिलेला तेथील ऑर्गन त्या काळच्या जगांतील सर्वांत मोठ्या ऑर्गनांत गणला जाई. त्याचे भाते वाफेच्या यंत्रावर चालत. ऑगस्ट महिन्यांत ब्रुकनर यांच्या वादनसभा तेथें झाल्या, आणि मग क्रिस्टल पॅलेसमध्येंहि झाल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतें. मोठमोठ्या सभागृहांत, अनोळखी हजारों माणसांपुढें, खेडवळ कपड्यांतला हा पुरुष बाखची एखादी रचना वाजवी आणि मग स्वतःच्या मनानें तिचा विस्तार करूं लागे.

या वादनाचा आनंद कसा असेल, याची कल्पना आपल्या लोकांना गवयाच्या आलापावरून सहज करतां येईल. गवई दोन-चार स्वर मांडतो, त्यांभोंवतीं फिरतो, परत येतो, पुन्हां निराळ्या वाटेनें निघतो. आणि ऐकणाऱ्याला वाटतें कीं, आतां हा हरवला, तोंच तो समेवर येतो. ऑर्गनवर हें करतांना दोन्ही हात व दोन्ही पाय मिळून चार-पांच जणांचा संवाद एकटाच वादक चालवितो. एकानें स्वरवाक्य म्हटलें कीं दुसरा तें उचलतो, मग तिसरा; पहिला तोंपर्यंत पुढें गेलेला असतो, आणि तरीहि सर्वांचें जमतें. प्रथम एकच मृदु नळी, मग हळूहळू खुंटीमागून खुंटी, शेवटीं सर्व नळ्या एकदम. तेव्हां नाद कानांनीं ऐकावा लागत नाहीं. बसल्या बांकांतून तो अंगांत शिरतो. आणि मग एकाएकीं शांतता होते व घुमटांत शेवटचा सूर विरत जातो. ब्रुकनर यांच्या मोठ्या रचनांतून ज्या अवचित शांतता येतात, त्या याच मंदिरांतील सवयीच्या आहेत, असें जाणकार म्हणतात.

परंतु या सर्व वादनांतलें आज काय उरलें आहे? जवळजवळ कांहींच नाहीं. ऑर्गनसाठीं त्यांनीं लिहून ठेविलेल्या रचना अगदीं थोड्या व लहान आहेत. जें वाजविलें, तें वाजवून झालें आणि गेलें. धूपदानांतला धूर जसा वेदीपुढें वर चढतो आणि कोणाच्याहि हातीं लागत नाहीं, तसें तें झालें.

आतां विद्यापीठाची गोष्ट. व्हिएन्नाच्या विद्यापीठांत स्वरशास्त्र शिकविण्याची परवानगी मिळावी, म्हणून ब्रुकनर यांनीं पुन्हां पुन्हां अर्ज केले. तेथील संगीताचे प्राध्यापक हान्सलिक हे युरोपांतील धाक वाटणारे टीकाकार. त्यांचें मत असें कीं, या माणसापाशीं विद्यापीठाला शोभेल असें सामान्य शिक्षण नाहीं. अर्ज फेटाळले गेले. शेवटीं १८७५ सालीं बिनपगारी अध्यापक म्हणून त्यांना घेण्यांत आलें. कांहीं वर्षांनीं मानधनहि सुरू झालें. विद्यार्थ्यांना मात्र हा साधा मास्तर फार आवडे. त्याची बोली खेड्यांतली होती, विजार ढगळ होती, आणि शिकवितां शिकवितां आंजेलुसची घंटा ऐकूं आली कीं धडा थांबवून तो प्रार्थना करी. रोज किती जपमाळा झाल्या, कोणत्या प्रार्थना झाल्या, हें तो आपल्या रोजनिशींत खुणांनीं टिपून ठेवी. ज्या शहरांत श्रद्धेला हंसणें हें शहाणपणाचें लक्षण मानलें जाई, तेथें त्यानें आपली श्रद्धा मिरविली नाहीं आणि लपविलीहि नाहीं.

अपमानहि थोडे झाले नाहींत. १६ डिसेंबर १८७७ रोजीं त्यांच्या तिसऱ्या सिंफनीचा, म्हणजे अनेक वाद्यांच्या मोठ्या रचनेचा, पहिला प्रयोग त्यांनीं स्वतःच चालविला. एकेक भाग संपतांच लोक उठून जाऊं लागले. शेवटीं सभागृहांत मूठभर तरुण उरले. त्यांत पुढें जगप्रसिद्ध झालेला गुस्टाव मालर हा होता. कीर्ति आली ती साठीच्या उंबरठ्यावर. ३० डिसेंबर १८८४ रोजीं लाइप्झिग येथें आर्थर निकिश यांनीं त्यांची सातवी सिंफनी वाजविली, तेव्हांपासून दिवस पालटले. त्याच वर्षीं पुरें झालेलें ते देउम, हें देवस्तुतीचें प्राचीन गीत, त्यांनीं संकटांतून निभावून नेल्याबद्दल देवालाच अर्पण केलें.

७ नोव्हेंबर १८९१ रोजीं ज्या विद्यापीठानें त्यांना दारांतून परत पाठविलें होतें, त्यानेंच त्यांना सन्मान्य डॉक्टर ही पदवी दिली. त्या वर्षींच्या सत्कारसभेंत विद्यापीठाचे प्रमुख आडोल्फ एक्सनर यांनीं जाहीर केलें कीं, जेथें शास्त्राची गति संपते तेथें या पुरुषाचें कार्य सुरू होतें, आणि विंडहागच्या एका जुन्या साहाय्यक मास्तरापुढें विद्यापीठाचा प्रमुख या नात्यानें आपण मस्तक लवविलें आहे. उत्तर देण्यास ब्रुकनर उठले. शब्द सुचेनात. तेव्हां त्यांनीं इतकेंच कळविलें कीं, मनांत आहे तसे आभार आपणांस मानतां येत नाहींत. येथें एखादा ऑर्गन असता तर सांगतां आलें असतें. जन्मभर ज्यानें बोलण्याऐवजीं वाजविलें, त्याचें याहून खरें भाषण कोणतें असणार? विद्यापीठाला देण्यासारखें त्यांच्यापाशीं एकच होतें; आपली पहिली सिंफनी त्यांनीं त्याला अर्पण केली.

शेवटचीं वर्षें आजारांत गेलीं. सम्राट फ्रान्झ योसेफ यांनीं त्यांना बेल्व्हेडेर राजवाड्याच्या आवारांत राहण्यास एक लहान घर दिलें, कारण जिने चढवत नव्हते. नववी सिंफनी त्यांनीं देवासाठीं लिहावयास घेतली. तिचे तीन भाग पुरे झाले, चौथा राहिला. ११ ऑक्टोबर १८९६ रोजीं, रविवारीं, सकाळीं ते त्या पानांवर काम करीत होते. दुपारीं त्यांनीं शांतपणें प्राण सोडिला. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचा देह संत फ्लोरियनच्या मंदिराखालील तळघरांत, मोठ्या ऑर्गनच्या बरोबर खालीं ठेवण्यांत आला. बारा वर्षांचा पोरका मुलगा ज्या दारांतून आंत गेला होता, तेथेंच बहात्तर वर्षांचा वृद्ध परत आला. १९४१ सालीं जर्मनीच्या नाझी सत्तेनें तो मठ बळकाविला, धर्मबंधूंना बाहेर काढिलें, आणि ब्रुकनर यांच्याच नांवाचा झेंडा तेथें मिरविला. ती सत्ता १९४५ सालीं लयास गेली. धर्मबंधु परत आले, प्रार्थना पुन्हां सुरू झाल्या, आणि ऑर्गन आजहि वाजतो.

धर्मबंधुभगिनींनो, आतां त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळूं. यंत्रांत सर्व गीतें तयार आहेत, हें खरें. आणि तीं आमच्या मास्तरांपेक्षां सफाईनें वाजविलेलीं आहेत, हेंहि खरें. परंतु यंत्र कोणाची वाट पाहत नाहीं. प्रभुभोजनाच्या रांगेंत एखादी म्हातारी काठी टेकीत सावकाश येते. तिच्यासाठीं पेटी एक कडवें वाढविते, यंत्र मध्येंच थांबतें. मयताच्या दिवशीं घरच्या माणसांचा कंठ दाटून येतो; पेटी सूर खालीं घेते व त्यांच्याबरोबर चालते, यंत्र पुढें निघून जातें. मुलें स्वर चुकलीं तर पेटी त्यांना हात धरून परत आणते. यंत्र गीत देतें. मंदिराला गावयास लावणें त्याला साधत नाहीं. देवापुढें वाहावयाचें तें बाजारांतून तयार आणून भागत नाहीं. त्यांत आपली कांहीं तरी मेहनत पडावी लागते. ब्रुकनर यांचें वादन विरून गेलें म्हणून वायां गेलें नाहीं. ज्याच्यासाठीं तें होतें त्यानें तें ऐकिलें. आणि खालीं बांकांवर बसलेल्या शेतकऱ्यांनीं, कारागिरांनीं, विधवांनीं त्या आधारानें आपापली प्रार्थना केली.

आपल्या गांवीं सात हजार नळ्यांचा ऑर्गन येणार नाहीं, आणि त्याची आम्हांस खंतहि नाहीं. विंडहागच्या मास्तरापाशींहि तो नव्हता. होती ती एक रिकामी जागा, आणि तींत रोज जाऊन बसण्याची तयारी.

आमचे जुने मास्तर अजून आपल्यांत आहेत. त्यांचे डोळे थकले, कान थकलेले नाहींत. बोटांनाहि सर्व गीतें आठवतात. दर शनिवारीं सायंकाळीं, जपमाळेनंतर, ते मंदिरांत बसून शिकविण्यास तयार झाले आहेत. बैठकींत प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणासहि आम्हीं निमंत्रण दिलें आहे. त्यानें अजून होकार दिलेला नाहीं, नकारहि दिलेला नाहीं. आईबापांनीं आपल्या मुलामुलींना पाठवावें. पेटीवरचें कापड आम्हीं काढून ठेविलें आहे, आणि भाताहि दुरुस्त करून घेतला आहे.

देव आपणां सर्वांचें कल्याण करो, आणि पवित्र मरिया आपल्या धर्मग्रामाचें रक्षण करो.

आपला धर्मगुरु